दुसऱ्या बॉलचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत बॉलिंगवर (क्रिकेटचं नव्हे, लेनवर बॉल टाकून दहा पिना पाडायचा तो खेळ) चक्क पानभर लेख आला, बघून बरं वाटलं, नाहीतर क्रिकेटमधून जागा उरली तरच बाकीच्या खेळांना दोन ओळी मिळतात. पण अख्खा लेख स्ट्राइकवरच, म्हणजे पहिल्याच बॉलला दहाही पिना पाडण्यावर! हूक म्हणजे वळणारा बॉल कसा काढायचा, बॉल किती वळतो, पॉकेटमधे (सगळ्यात पुढची पिन आणि तिच्या शेजारची यांच्यामधली फट) कसा घुसतो, कुठला जास्त वळणारा महागडा रिअ‍ॅक्टिव्ह बॉल घ्यायचा, सगळं आहे. आणि स्पेअरबद्दल काय तर एक वाक्य, "उरलेल्या पिना दुसऱ्या बॉलने पाडाव्यात." अहो पण कशा? नवीन माणसाची गाडी तिथेच तर अडते. म्हणून हे पत्र, थोडं लांबणार आहे, कापायचं तर कुठेही कापा पण आकडे तेवढे राहू द्या.

आधी हिशोबच करू. गेमच्या दहा फ्रेम, प्रत्येकीत साधारण दोन बॉल. समजा एखाद्याला पूर्ण गेममधे एकही स्ट्राइक मिळाला नाही, दहाही फ्रेममधे पहिल्या बॉलला ९ पिना पडल्या आणि उरलेली एक दर वेळी तशीच उभी राहिली. स्कोअर ९०. आता तोच माणूस, तेच दहा पहिले बॉल, फक्त दर वेळी ती उरलेली एक पिन पाडली आणि शेवटच्या जादा बॉलवर (दहाव्या फ्रेमला स्पेअर झाला की मिळतो तो) पण ९ घेतल्या, तर स्कोअर १९०. कारण स्पेअरचे १० आणि वर पुढच्या बॉलच्या पिना मिळतात. शंभर पॉइंट वाढले आणि पहिल्या बॉलमधे काडीचाही फरक नाही! आणि तुमचे लेखक म्हणतात की स्कोअर वाढवायचा तर आधी हूक शिका.

आता बॉल. स्ट्राइकसाठी वळणारा बॉल का लागतो तर पॉकेटमधे तो तिरका शिरायला हवा, म्हणजे पिना एकमेकींवर आदळून सगळ्या पडतात. पण समोर एकटी पिन उभी असेल तर तिरकं शिरून करायचंय काय, नुसता बॉल लागला की काम झालं. कॅरममधे पॉकेटच्या तोंडाशी असलेली सोंगटी कोणी कट मारून घालतं का? शिवाय वळणारा बॉल लेनवरच्या ऑइलवर अवलंबून असतो. लेन फाउल लाइनपासून (जिच्या मागून बॉल सोडायचा ती रेघ) पहिल्या पिनपर्यंत ६० फूट, त्यातले साधारण पहिले ४० फूट ऑइल असतं, पुढे कोरडं, नेहमीच्या लेनवर मधे जास्त आणि कडेला कमी, आणि खेळता खेळता ते बॉलबरोबर सरकत जातं ते वेगळंच. म्हणजे पहिल्या गेमला जो बॉल बरोबर पिनवर जात होता तोच तिसऱ्या गेमला तिथून टाकला तर भलतीकडे जाणार. प्लॅस्टिकचा बॉल, म्हणजे पॉलिएस्टरचा, गुळगुळीत असतो, लेनला फारसा पकडत नाही, त्यामुळे त्याला या ऑइलच्या भानगडीशी फार देणंघेणं नाही. नाकासमोर जातो. स्पेअरला आपल्याला हवंय तेच.

पिनांचे नंबर पुढून मागे आणि डावीकडून उजवीकडे: पुढे १, मग २-३, मग ४-५-६, शेवटी ७ ते १०. सगळ्यात जास्त छळते ती १० नंबरची पिन, उजव्या हाताने खेळणाऱ्यांना (डावखुऱ्यांनी इथून पुढे सगळं उलट वाचावं, त्यांची ती ७ नंबर). ती उजव्या कोपऱ्यात उभी, आणि उजव्या हाताचा हूक वळतो डावीकडे, म्हणजे नेमका तिच्यापासून लांब. मग लोक काय करतात, बॉल गटरच्या (लेनच्या कडेची पन्हळ) दिशेने सोडतात आणि तो परत आत वळेल म्हणून देवाचं नाव घेतात, एकदा तो वळतच नाही आणि गटरमधे जातो, दुसऱ्यांदा इतका वळतो की पिनच्या डावीकडून निघून जातो. हेच जरा मापात बघू. बॉल साधारण साडेआठ इंचाचा, पिन जिथे सगळ्यात जाड तिथे पावणेपाच इंच. म्हणजे लेनच्या मधे एकटी पिन असेल तर बॉलचा मध्य तिच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना साडेसहा इंच चुकला तरी बॉल लागतो, एकूण १३ इंचांची मुभा. पण १० नंबरच्या पिनचा मध्य गटरच्या कडेपासून तीन इंचही लांब नाही, त्यामुळे उजवीकडची मुभा तेवढीच, बॉलचा मध्य कडेच्या बाहेर गेला की बॉल गटरमधे. राहिली सव्वानऊ इंच. म्हणून नेम पिनच्या बरोबर मध्यावर धरायचा नाही, दोनेक इंच आत, डावीकडे धरायचा, म्हणजे दोन्हीकडे सारखी मुभा मिळते. हे कोणी सांगतच नाही, सगळे "पिनकडे बघ आणि टाक" म्हणतात.

खरं तर पिनकडे बघायचंच नाही, अ‍ॅरोकडे बघायचं. लेनवरचे ते बाण फाउल लाइनपासून १२ ते १६ फुटांवर असतात, ६० फुटांवरच्या पिनपेक्षा तिथे नेम धरणं कधीही सोपं. आणि गंमत बघा, अ‍ॅरो साधारण पाव अंतरावर असल्यामुळे, अ‍ॅरो तोच ठेवून बॉल फाउल लाइनवर एक बोर्ड (लेनच्या लांब पट्ट्यांतली एक पट्टी) उजवीकडून सोडला तर पिनांपाशी तो साधारण तीन बोर्ड डावीकडे पोचतो. पिन डावीकडे असेल तर आपण उजवीकडे सरकायचं, पिन उजवीकडे तर आपण डावीकडे. ३-६-९ म्हणून जी पद्धत सांगतात ती यावरच आहे, स्ट्राइकला जिथे उभे राहता तिथून २ नंबरच्या पिनला तीन बोर्ड, ४ ला सहा, ७ ला नऊ बोर्ड उजवीकडे. फक्त एक घोळ होतो, ही मोजणी स्ट्राइकच्या बॉलची आणि त्याच्या हूकची आहे, लोक हातात प्लॅस्टिक घेतात आणि मोजतात मात्र स्ट्राइकच्या जागेपासून, मग बॉल लागत नाही आणि पद्धत बोगस म्हणून मोकळे होतात. प्लॅस्टिकने खेळायचं तर दोन कोपऱ्यांच्या जागा वेगळ्या पक्क्या करा. १० नंबरला बरंच डावीकडे उभं राहून मधल्या अ‍ॅरोवरून तिरका, ७ ला तसंच उजवीकडून. ते जमलं की ६ नंबरच्या पिनला १० च्या जागेवरून साधारण तीन बोर्ड उजवीकडे सरकायचं, ३ ला साधारण सहा. एखादा बोर्ड इकडे तिकडे ज्याचा त्याने बसवावा.

आणि हात. मनगट फिरवायचं नाही, तळवा बॉलच्या मागे, बॉल सुटल्यावरही हात अ‍ॅरोच्या दिशेने वर जाऊ द्यायचा. नुसता बॉल बदलला आणि मनगट तसंच फिरवत राहिलात तर प्लॅस्टिकसुद्धा कोरड्या लेनवर थोडा वळतो. तिरका बॉल टाकायचा असेल तर खांदे आधीच तिकडे वळवून तिकडेच चालत जायचं, सरळ चालून शेवटी हात अंगावरून ओढला की बॉल डावीकडे गेलाच. जोर लावायची गरज नाही पण घाबरून हळूही सोडू नये, हळू बॉल जास्त वळतो.

दोन-तीन पिना उरल्या की मात्र डोकं लावावं लागतं. २ च्या बरोबर मागे ८ असेल तर २ वर भरून समोरूनच लागायला हवं, बाजूला लागलं की बॉल ढकलला जातो आणि ८ हसत उभी. ३-१० ला ३ च्या उजव्या अंगाला चाटून बॉल पुढे १० वर. २-४-५-८ उरल्या तर मात्र बरेच मुरलेले खेळाडू वळणारा बॉलच घेतात, कारण तो पिनांना लागूनही कमी ढकलला जातो, आणि तिथे माझा त्यांच्याशी वाद नाही. ७-१० चा (दोन्ही कोपऱ्यांतल्या दोनच पिना उरतात तो) तर विचारच सोडा, टीव्हीवर दाखवलेल्या प्रो स्पर्धांत मार्क रॉथने तो १९८० मधे पहिल्यांदा काढला, मग १९९१ मधे दोनदा निघाला आणि त्यानंतर थेट २०२१ मधे. हातचं सोडून पळत्यामागे कशाला, दोघींतली एक पाडा आणि पुढच्या फ्रेमला लागा.

"प्रो लोक तर हूकच टाकतात ना" हे उत्तर मला दर वेळी मिळतं. टाकतात, पहिला बॉल! दुसऱ्याला त्यातले कितीतरी जण प्लॅस्टिक हातात घेतात, पुढच्या वेळी मॅच बघाल तेव्हा बॉल बदलताना बघा. वॉल्टर रे विल्यम्स ज्युनियरच्या नावावर पीबीएची (अमेरिकेतली व्यावसायिक बॉलिंगपटूंची संघटना) ४७ विजेतेपदं आहेत आणि त्याचं नाव निघतं ते अचूकपणासाठी, बॉल प्रचंड वळवण्यासाठी नाही. (हा माणूस घोड्याचे नाल फेकायच्या खेळातही जगज्जेता आहे, तिथे तर नुसता नेमच.)

खर्चाचं म्हणाल तर सेंटरमधे रॅकवर जे बॉल पडलेले असतात ते बहुतेक प्लॅस्टिकचेच असतात, सुरुवातीला तेच घ्या. अडचण त्यांच्या भोकांची. अंगठा सैल बसला की आपण बॉल आवळून धरतो आणि आवळला की मनगट फिरतंच. म्हणून स्वतःचा पहिला बॉल घेताना प्लॅस्टिकचाच घ्यावा आणि भोकं आपल्या हाताच्या मापाने पाडून घ्यावीत असं माझं मत आहे, रिअ‍ॅक्टिव्ह नंतर घ्या. दोन्ही असतील तर वजन सारखं ठेवा, फार तर स्पेअरचा एक पाउंडाने हलका, त्याहून फरक पडला की हाताचा झोका बदलतो. १६ पाउंड ही वरची मर्यादा आहे, ती गाठलीच पाहिजे असं काही नाही.

शेवटी एक विनंती. स्पर्धांचे निकाल छापता तेव्हा नाव, स्कोअर आणि स्ट्राइक किती एवढंच असतं. त्यात ओपन फ्रेम (ज्यात दोन्ही बॉल टाकूनही पिना उरल्या) किती राहिल्या तेवढा एक रकाना वाढवा, आणि पुढच्या लेखात पिनांच्या नंबरांची एक आकृती टाका, नवीन वाचकाला ७ कुठली आणि १० कुठली हे तरी कळेल.

आपली,
एक नियमित वाचक