तीन सुती बोल्ट

सोलापूर

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा पहाटे तुझा फोन आला तेव्हा मी रात्रपाळी करून अक्कलकोट रोडवरून घरी निघालो होतो. गाडी कडेला लावली आणि तू बोलत होतीस ते ऐकत उभा राहिलो. तू रडत होतीस, त्यामुळे मला काही सुचलं नाही. "काहीतरी खाऊन घे, झोप, मग बोलू" एवढंच म्हणालो. फोनवर मला धड बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. आज सुट्टी आहे, आई आत्याकडे गेली आहे, म्हणून वही घेऊन बसलो.

तू सांगितलंस त्यातलं मला जेवढं कळलं ते असं. विमान दुरुस्तीचं काम संपवून हत्यारं परत द्यायच्या आधी तू ट्रे मोजलास. फोममधला एक खळगा रिकामा होता, पान्याला लावायचा दहाचा सॉकेट नव्हता. बरोबरचा मुलगा म्हणाला, दुसऱ्या ट्रेमधला उचलून ठेव, उद्या बघू. तू ठेवला नाहीस. जाऊन सांगितलंस. विमान थांबवलं, लावलेली पॅनेलं पुन्हा उघडली, तीन तास सगळे शोधत होते, आणि शेवटी चाकं आत जातात त्या पोकळीत एका नळीमागे तो सापडला. विमान उशिरा गेलं. साहेब सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले. आणि तू म्हणालीस, "अण्णा, मला हे जमायचं नाही, मी परत येते."

परत यायचं तर बापाचं घर तुझंच आहे, त्यासाठी विचारायची गरज नाही. पण यायच्या आधी माझं ऐकून घे. मी तीस वर्षं पावरलूमवर जॉबर आहे, माग दुरुस्त करतो. यंत्र बिघडलं की माणूस काय काय करतो हे मी जवळून पाहिलंय. त्या पोकळीतून कंट्रोलच्या केबली आणि हायड्रॉलिकच्या नळ्या जातात असं तूच मला सांगितलंस. तिथे तो सॉकेट तसाच राहिला असता आणि विमान उडालं असतं, तर आज तू मला कुठल्या तोंडाने फोन केला असतास? तू सॉकेट विसरलीस, ते झालं ते झालं, पुढच्या वेळी मोजून घेशील. तू जाऊन सांगितलंस, त्याबद्दल मला तुझा अभिमान वाटतो. हे मी त्याच क्षणी फोनवर म्हणायला पाहिजे होतं.

आता मी तुला शिकवलेल्या एका गोष्टीबद्दल. ती तू विसरावीस असं मला वाटतं.

तू सहावी-सातवीत असताना रविवारी माझ्यासोबत कारखान्यात यायचीस. बोल्टांच्या डब्यात हात घालून डोळे मिटायचीस आणि नुसत्या बोटांनी सांगायचीस, हा तीन सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), हा चार सुती, ह्याचे आटे गेलेत. मागावरची माणसं बघत राहायची. मला किती आनंद व्हायचा ते तुला सांगून कळणार नाही. जॉबरची सगळी पुण्याई त्या बोटांतच असते. मागाचा आवाज ऐकून कुठला पट्टा सैल झालाय ते सांगायचं, ताण्याला हात लावून ताण ओळखायचा. आमच्याकडे मॅन्युअल नाही. बहुतेक माग माझ्याहून म्हातारे आहेत. अंदाज हेच आमचं मॅन्युअल.

आणि मग दिवाळीत तू ह्यूमन फॅक्टर्सचं, म्हणजे माणसाच्या हातून चुका कशा होतात त्याचं, पुस्तक वाचत होतीस आणि मला ती ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची गोष्ट सांगितलीस. तुला ती परीक्षेसाठी पाठ आहे. मला ती कशी ऐकू आली ते सांगतो.

10 जून 1990. बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेलं विमान 17,300 फुटांवर असताना कॅप्टनच्या समोरची काच उडून गेली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. आतल्या लोकांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला विमान उतरवलं. कॅप्टन वाचला, सगळे वाचले. काच उड्डाणाच्या सत्तावीस तास आधी, रात्रपाळीत बदलली होती. तिला नव्वद बोल्ट. त्यातले 84 बोल्ट जाडीला अर्ध्या मिलिमीटरहून थोडे जास्त बारीक होते. बाकीचे सहा आखूड होते.

पण ते बसवणारा माणूस कोणी शिकाऊ नव्हता, पाळीचा मुख्य होता, अनुभवी होता. त्याने काय केलं? जुना बोल्ट काढला, हातात घेतला आणि त्याच्याशी जुळवून नवे शोधले. स्टोअरच्या माणसाने त्याला सांगितलंही होतं की ह्या काचेला दुसऱ्या मापाचे लागतात. याने जुन्यावर विश्वास ठेवला. पुरेसे मिळाले नाहीत म्हणून दुसऱ्या ठिकाणी गेला आणि तिथे अंधुक उजेडात नजरेने, बोटांनी जुळवून घेतले.

ताई, तू ही गोष्ट सांगत होतीस आणि माझ्या घशाला कोरड पडली होती. कारण हे मी रोज करतो. जुना बोल्ट हातात घेऊन डब्यात जोडीचा शोधणं हेच माझं काम आहे. आणि तुला मी तेच शिकवलं, वर शाबासकीसुद्धा दिली.

मला एवढंच म्हणायचंय. बोटं तुझ्याकडे राहू देत, ती वाया जाणार नाहीत. एखादी नळी सैल लागली, एखादा पत्रा वेगळा वाजला, तर बोटांना ते आधी कळेल. पण बोटांना कळलं की तिथेच थांबायचं आणि मॅन्युअल उघडायचं. पार्ट नंबर वाचायचा. टॉर्कचा पाना ठरलेल्या जोराला क्लिक झाला की हात काढायचा. "अजून जरासा आवळू" हा जॉबरचा मोह आहे, तो माझ्याकडून तुझ्यात आला असणार. तू मला चार्ल्स टेलरबद्दल सांगितलं होतंस, राइट बंधूंच्या सायकल दुकानातला मेकॅनिक, 1903 साली सहा आठवड्यांत त्याने विमानाचं इंजिन बनवलं, हाताशी लेथ आणि ड्रिल. मला तो माणूस फार आवडला. पण त्याच्या काळी उघडून बघायला पुस्तकच नव्हतं. तुझ्याकडे आहे.

आता जे मी तुझ्या आईलाही सांगितलं नव्हतं ते.

तू तेव्हा पोटात होतीस. टॉवेलच्या एका मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्याच्या पेटीचा बोल्ट तुटला. तीन सुती बोल्ट लागत होता, डब्यात नव्हता. दुकान बंद, मालक म्हणाला माल आज रात्री निघायला पाहिजे. मी अडीच सुती घेतला, दोन वायसर घालून आवळला आणि माग चालू केला. दोन तास चांगला चालला. मग पेटी हलली आणि धोटा उडाला. समोरच्या मागावर उभा असलेल्या माणसाच्या भुवईवर लोखंडी टोक बसलं. सात टाके. डोळा थोडक्यात वाचला.

मी मालकाला सांगितलं की फणी वाकली होती. पेटी सोडवून तो बोल्ट खिशात घातला. दुसऱ्या दिवशी तीन सुती आणून बसवला. कोणी विचारलं नाही. तो माणूस पंधरा दिवस घरी होता. आमच्या धंद्यात काम नाही तर मजुरी नाही.

परवा तुझा फोन आला आणि काल संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. बावीस वर्षांनी. बसलो, पाणी प्यालो आणि सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या पंधरवड्यात बायकोचं मंगळसूत्र गहाण पडलं होतं. ते परत सुटलं नाही." एवढंच. मी निघालो तेव्हा तो दारापर्यंत आला नाही. यावं असं मला वाटतही नव्हतं. त्याचं काय देणं लागतो ते मी आणि तुझी आई मिळून ठरवू. आज रात्री तिला सांगणार आहे.

तुझ्या तीन तासांत विमान उशिरा गेलं, एवढंच गेलं. माझ्या न बोलण्यात एका घरचं काय गेलं ते बघ. साहेब ओरडले त्याचं मनावर घेऊ नकोस. रात्रभर जागलेला माणूस विमान थांबल्यावर ओरडतो. पण त्यांनी विमान थांबवलं ना? शोधल्याशिवाय सोडलं नाही ना? मग ते ठिकाण शिकायला चांगलं आहे. जिथे सॉकेट हरवल्याचं सांगितल्यावर "राहू दे" म्हणतील तिथून मात्र लगेच निघून ये, भाड्याचे पैसे मी पाठवीन.

पुढच्या वाटेबद्दल तू घाबरली आहेस, तेही जरा बोलतो. लोक इथे मला विचारतात, मुलगी विमानात आहे म्हणजे हवाई सुंदरी का? मी सांगतो, नाही, ती विमान दुरुस्त करते. मग विचारतात, इंजिनीअर? तेव्हा मी म्हणतो, अजून टेक्निशियन आहे, लायसन्स व्हायचंय. ह्यात मला कमीपणा वाटत नाही आणि तूही मानू नकोस. सही करणारा एक असतो, पण पॅनेल उघडणारे, ग्रीस भरणारे, तडा शोधणारे हात तुमचेच. टास्क कार्डावर प्रत्येक पायरीसमोर तुझीही सही असते. ती सही तू आजपासून लायसन्सवाल्याच्या सहीइतकीच जपून करायची.

लायसन्सच्या परीक्षेत एकेका मॉड्यूलला, म्हणजे विषयाला, शंभरात 75 लागतात, आपल्या बारावीसारखं पस्तीसवर सुटत नाही. दोन राहिलेत तर राहू देत, घाई करून पाठांतर नको. मान्यताप्राप्त संस्थेतून शिकलीस म्हणून तुला अनुभवाची दोन वर्षं पुरतात, नुसत्या परीक्षा देणाऱ्यांना त्याहून जास्त लागतात, हे तूच सांगितलं होतंस. मग बी-वन घेऊन इंजिन आणि बॉडीकडे जायचं की बी-टू घेऊन वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्सकडे, ते तू ठरव. मला विचारशील तर बी-वन, कारण तुला हाताला तेल लागल्याशिवाय चैन पडत नाही. पण हे बापाचं मत झालं. लायसन्सनंतर एकेका जातीच्या विमानाचं वेगळं शिक्षण घ्यावं लागतं तेव्हाच ते विमान सही करून उड्डाणाला सोडायचा अधिकार मिळतो, म्हणजे अजून बरीच वर्षं आहेत. असू देत. मला जॉबर व्हायला सात वर्षं लागली, त्याआधी मी कांड्या उचलत होतो. कर्जाच्या हप्त्याचा विचार तू करू नकोस, तो मी आणि आई बघतो. आणि मुंबईतच राहायला पाहिजे असंही नाही. नागपूरला मिहानमध्ये विमानांच्या देखभालीचे हँगर आहेत, पुढे कधी मुंबई सोडावीशी वाटली तर.

दिवाळीत तू स्वयंपाकघरात ओट्यावर लॉक वायर कशी बांधतात ते दाखवलं होतंस, आठवतं? दोन बोल्ट, मधून पिळलेली तार. म्हणालीस, बोल्ट सैल व्हायला गेला की तार ताणली जाते आणि उलट त्याला घट्टच करते. पहिल्या वेळी तू तार उलट्या बाजूने घेतलीस. लक्षात आल्यावर कात्रीने कापलीस, बोटाला टोचून रक्त आलं, पुसलंस आणि नवी तार घेऊन पुन्हा बांधलीस. आई म्हणत होती, असू दे गं, घरात कोण बघतंय. तू ऐकलं नाहीस. ते दोन बोल्ट अजून फडताळात आहेत, मी काढू दिलेले नाहीत.

जून 2025 पासून होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालंय. त्यासाठी साखर कारखान्याची चिमणी 2023 मध्ये पाडली तेव्हा अर्धं गाव हळहळलं, मीही. आता ते विमान डोक्यावरून गेलं की मी मान वर करतो. एटीआर जातीचं आहे, वर पंख आणि प्रत्येक इंजिनाला सहा पात्यांचा पंखा, तू फोटो पाहून मोजायला सांगितलं होतंस, मी मोजले. प्रोपेलरचं मॉड्यूल तुझं राहिलंय ना? पुढच्या वेळी आलीस की गच्चीवर बसून मला समजावून सांग, पाती वाकडी का असतात आणि ती फिरतात कशी.

आईने शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून ठेवली आहे. शेजारचा मुलगा बुधवारी सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला येतोय, त्याच्याकडे देतो. गुरुवारी सकाळी दादरला घे, तुझी रात्रपाळी संपली की वेळ होईल.

तुझा
अण्णा