धडकेचा दोष शेवटच्या फोटोवरून ठरत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतींच्या मालिकेतल्या इंडोनेशियाच्या मंडालिकाच्या शर्यतीत ५ ऑक्टोबर २०२५ रोजी मार्को बेझेकीची गाडी पहिल्याच लॅपला मार्क मार्केझच्या मागच्या चाकाला लागली. दोघंही खडीत गेले, मार्केझच्या खांद्याचं हाड मोडलं. त्यावर आपल्या अंकात आलेली दोन पत्रं वाचली. एकात बेझेकीवर कायमची बंदी घाला अशी मागणी आहे, दुसऱ्यात मार्केझनं आजवर पेरलं तेच उगवलं असा सूर आहे. दोघांचाही खेळाचा अभ्यास दिसतो. पण दोष ठरवताना दोघांनीही आधी रायडरचं नाव बघितलं आणि मग व्हिडिओ, असं मला वाटलं.

माझं बजाजनगरात दुचाकीचं गॅरेज आहे. वाळूजच्या कारखान्यांतली पोरं शिफ्ट सुटली की येऊन बसतात. निम्म्यांच्या गाडीवर ४६ चं, म्हणजे व्हॅलेंटिनो रॉसीच्या नंबरचं पिवळं स्टिकर, बाकीच्यांच्या मार्केझच्या ९३ चं लाल. (४६ वाल्यांपैकी काहींना रॉसी २०२१ सालीच निवृत्त झाला हे माहीत नाही. गाडी सेकंडहँड, स्टिकर आधीच्या मालकाचं.) मंडालिकानंतर आमच्या बाकड्यावर जे पेटलं ते अजून विझलेलं नाही. "बेझेकी रॉसीच्या अकादमीतला, त्यानं मुद्दामच घातली," असं एक म्हणतो. दुसरा विचारतो, "कामून घालंल मुद्दाम? मार्केझ तर आदल्याच रविवारी जपानात चॅम्पियन झाला होता!" दुसऱ्याचा हिशोब बरोबर आहे. जिंकून झालेल्या माणसाला पाडून बेझेकीला काय मिळणार होतं? आदल्या दिवशीची स्प्रिंट, म्हणजे छोटी शर्यत त्यानं स्वतः जिंकलेली, मोठ्या शर्यतीत पोल पोझिशन, म्हणजे सगळ्यात पुढून सुटायची जागा त्याचीच. सुटताना तो मागं पडला आणि गेलेल्या जागा परत घ्यायच्या घाईत नको तिथं घुसला. घाई वेगळी, डाव वेगळा.

अपघाताच्या गाड्या माझ्याकडं रोज येतात, त्यामुळं ठोकलं कुणी हे मला गाडी बघून कळतं. मागून ठोकणाऱ्याचा पुढचा फोर्क मागं सरकलेला असतो, चाक इंजिनला टेकतं, हेडलाइटचा चुरा झालेला असतो. ज्याला ठोकलं त्याचा टेललॅम्प आणि मागचं मडगार्ड जातं. पण चूक कुणाची, हे फोर्क सांगत नाही. पुढच्यानं इंडिकेटर न देता बीड बायपासवर उजवीकडं वळण घेतलं असेल तर माझ्यापुढं उभा असलेला वाकडा फोर्क निर्दोष माणसाचा असतो. आपल्याकडं मात्र गर्दी जमली की पंचनाम्याआधीच निकाल लागतो: गाडी मोठी, म्हणजे चूक त्याची. शर्यतीच्या चाहत्यांनी मोठ्या गाडीच्या जागी नावडता रायडर बसवला आहे, इतकंच.

माझ्या मते प्रश्न एकच विचारावा. धडक टाळायचा शेवटचा पर्याय कुणाच्या हातात होता? चाकाला चाक लागतं त्या क्षणी दोघांच्याही हातात काही उरलेलं नसतं, आणि फोटो नेमका त्याच क्षणाचा छापला जातो. म्हणून व्हिडिओ दोन-तीन सेकंद मागं न्यावा लागतो. पुढच्या गाडीनं हवा कापलेली असते, त्यामुळं मागच्याचा वेग वाढतो, आणि ब्रेक दाबल्यावर हवेचा जो अडसर मिळायला हवा तोही त्याला कमी मिळतो. गाडी अक्षरशः ओढली जाते. मागं मागं राहून पुढचा टायर तापतो तो वेगळाच. हे सगळं रायडरला माहीत असतं, म्हणून मागून येणाऱ्यावर जबाबदारी जास्त. मंडालिकात मार्केझला मागचं दिसणं शक्यच नव्हतं. थांबायचा पर्याय बेझेकीकडं होता, तो त्यानं वापरला नाही. दोष त्याचाच, आणि माफीही त्यानं मागितली.

आता शिक्षा. स्टुअर्डनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, बेझेकीला पुढच्या म्हणजे फिलिप आयलंडच्या शर्यतीसाठी दोन लाँग लॅप दिले. वळणाच्या बाहेर आखलेल्या लांबच्या वाटेनं जायचं, एका वेळेला दोन-तीन सेकंद जातात. दोन्ही भोगूनही बेझेकी तिथं तिसरा आला आणि ९३ वाल्यांचा तिळपापड झाला. मार्केझ उरलेल्या चारही शर्यतींना मुकला, आणि हा पोडियमवर! राग समजतो. पण २०२३ चं पोर्तुगालमधलं पोर्तिमाओ आठवा. मार्केझचं पुढचं चाक ब्रेकिंगला लॉक झालं, तो आधी मार्टिनला घासला आणि मग मिगेल ऑलिव्हेराला जाऊन आदळला, तेही ऑलिव्हेराच्या घरच्या मैदानावर. मार्केझनं चूक कबूल केली होती. शिक्षा तीच, दोन लाँग लॅप. आदेशात लिहिलं होतं की शिक्षा अर्जेंटिनाच्या शर्यतीत भोगावी. मार्केझचा हात मोडलेला, तो अर्जेंटिनाला गेलाच नाही. मग स्टुअर्डनी आदेश बदलून "ज्या शर्यतीत उतरेल त्या शर्यतीत" असं केलं, त्याच्या तेव्हाच्या होंडा संघानं अपील केलं आणि शिक्षाच रद्द झाली. म्हणजे त्यानं एकही लाँग लॅप घेतला नाही. आज बेझेकीला कमी शिक्षा झाली म्हणणाऱ्यांनी हेही मनात ठेवावं. शिक्षा कृतीला असावी, समोरच्याचं हाड मोडलं की नाही याच्यावर तिचं माप बदलू नये, या मताचा मी आहे. आमच्या बाकड्यावर हे कुणालाच पटत नाही.

दुसऱ्या पत्रलेखकानं २०१५ ची मलेशियातली सेपांगची शर्यत उकरून काढली आहे, तर तेही बोलू. रॉसी तेव्हा गुणांत पुढं होता. मार्केझ त्याच्या मागोमाग असलेल्या लोरेन्झोला मदत करतो असा आरोप त्यानं शर्यतीआधीच्या पत्रकार परिषदेत उघड केला होता, आणि शर्यतीत मार्केझ त्याला जागोजाग अडवत होता हे आंधळ्यालाही दिसलं असतं. रॉसीनं मार्केझला लाथ मारली का, यावर दहा वर्षं भांडणं चालू आहेत. पण शिक्षा लाथेची नव्हतीच. रॉसीनं वळणात वेग कमी केला, नेहमीची लाइन सोडून बाहेर गेला आणि मार्केझकडं बघत त्याला कडेला नेलं, याची ती शिक्षा होती. तीन दंडगुण, आधीचा एक, मिळून चार झाले आणि व्हॅलेन्सियाच्या शेवटच्या शर्यतीत त्याला सगळ्यात मागून सुटावं लागलं. तिथून तो चौथा आला, तरी लोरेन्झो ३३० आणि रॉसी ३२५ असा शेवट झाला. त्या पाच गुणांची जखम ४६ वाल्यांच्या मनात अजून ओली आहे. मी स्वतः रॉसीचा. तरी सांगतो, त्या वळणावर पर्याय रॉसीकडं होता. मार्केझनं त्याला चिडवलं हे खरं असलं तरी चिडलेल्या माणसाचा हँडल त्याच्याच हातात असतो.

पण प्रत्येक वेळी एक आरोपी सापडतोच असं नाही, आणि चाहत्यांना नेमकं हेच पचत नाही. २०१८ ची स्पेनमधली हेरेसची शर्यत बघा. डोविझिओसोनं लोरेन्झोला आतून गाठलं, वेग जास्त झाला म्हणून तो बाहेर गेला. लोरेन्झो मोकळी जागा बघून आत वळला. त्याच वेळी सगळ्यात आतून डॅनी पेड्रोसा आलेला. लोरेन्झो पेड्रोसाला लागला, तिथून डोविझिओसोवर गेला, तिघंही पडले. लोरेन्झो आणि डोविझिओसो एकाच संघाचे! लोरेन्झोला आतला पेड्रोसा दिसत नव्हता, पेड्रोसाला लोरेन्झो इतक्या लवकर आत येईल असं वाटलं नव्हतं, आणि डोविझिओसो तर चूक करून बाजूला गेलेलाच होता. तिघांच्या वाट्याला थोडं थोडं येतं, पण शिक्षा व्हावी इतकं कुणाच्याच नाही. स्टुअर्डनी कुणालाही दंड केला नाही. तेव्हा जालन्याच्या एका मित्राशी माझं महिनाभर वाजलं होतं, तो पेड्रोसाचा कट्टर.

आणि २०११ चं सेपांग. २३ ऑक्टोबरला दुसऱ्याच लॅपला मार्को सिमोन्चेलीच्या पुढच्या चाकाची पकड सुटली. गाडी सरळ बाहेर गेली असती तर तो बहुधा वाचला असता, पण टायरनं पुन्हा पकड घेतली आणि गाडी त्याच्यासकट ट्रॅक ओलांडून आत आली, मागच्या कॉलिन एडवर्ड्सच्या आणि रॉसीच्या पुढ्यात. रॉसी त्याचा जवळचा मित्र होता. सिमोन्चेली चोवीस वर्षांचा होता. एडवर्ड्स आणि रॉसी यांच्यापैकी कुणाच्या हातात काय पर्याय होता? कुणाच्याच नाही. त्या अपघातावर आमच्या बाकड्यावर कधी वाद झाला नाही.

आपल्याला विनंती आहे ती छापण्याबद्दल. आपण "भीषण धडक" असा मथळा आणि खडीत पडलेल्या गाड्यांचा फोटो दिला, इथवर ठीक. पण स्टुअर्डचा निर्णय कुठं आलाच नाही, त्यामुळं निम्म्या वाचकांना बेझेकीला शिक्षा झाल्याचंच माहीत नाही. दोषी कोण, नियमाचा कोणता भाग मोडला आणि शिक्षा कधी भोगायची, हे त्या निर्णयात लिहिलेलं असतं. फोटोखाली त्याच्या दोन ओळी दिल्या तरी पुरे. जागा नसेल तर "भीषण" काढा, तेवढ्यात एक ओळ बसेल.

आपला एक वाचक,
बजाजनगर, वाळूज,
छत्रपती संभाजीनगर