जी.टी. रोडने निघालेल्या मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

दिल्लीहून अमृतसरपर्यंत ग्रँड ट्रंक रोडने सावकाश जाण्याचा तुझा बेत वाचून फार आनंद झाला. वाटेत काय पाहावे असे तू विचारले आहेस. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: हा प्रवास डिसेंबरअखेरीस कर आणि जालंधरचे हरबल्लभ संगीत संमेलन ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

जुन्या खुणा या रस्त्यावर पुष्कळ आहेत. हरियाणात विटा-चुन्याचे कोसमिनार, म्हणजे कोसाकोसाचे अंतर दाखवणारे मनोरे, भेटतील, ते जाता जाता पाहिलेस तरी चालेल. जालंधरजवळच्या नूरमहलच्या सराईसाठी मात्र सवड काढ. नूरजहानच्या आज्ञेवरून १६१८ ते १६२० या काळात बांधलेल्या या सराईच्या पश्चिम दरवाजावर लाल दगडात हत्ती, मोर आणि माणसे कोरलेली आहेत. मुक्कामाला थांबणाऱ्या वाटसरूंसाठी एवढी कलाकुसर कुणाला तरी करावीशी वाटली, हे मला आजही फार मोलाचे वाटते. अमृतसरच्या पलीकडे, आग्रा-लाहोर या जुन्या वाटेवर, अमानत खानची सराई आहे. ताजमहालावरील कुराणातील वचने ज्याच्या हातची, त्याच सुलेखनकाराने १६४०च्या सुमारास ती उभारली. तिच्या दरवाजावरील रंगीत चकाकत्या फरशांवरची अक्षरे जवळ जाऊन पाहा.

पण रस्त्याची संस्कृती केवळ दगडांत नसते. हरबल्लभ संमेलन १८७५ पासून जालंधरच्या देवी तलाव परिसरात भरत आले आहे. स्वामी हरबल्लभ स्वतः गायक होते आणि आपले गुरू स्वामी तुळजागिरी यांच्या स्मरणार्थ त्यांनी ते सुरू केले. ऐकायला तिकीट लागत नाही. कडाक्याच्या थंडीत मंडपातले श्रोते शाली-कांबळी पांघरून रात्री उशिरापर्यंत बसतात. अशा हवेत तंबोरे सुरात ठेवणे सोपे नसते. मागे बसलेल्या शिष्याचा हात मधूनच तार जुळवण्याच्या मण्याकडे जातो, आणि स्वर पुन्हा जुळला की गायकाच्या चेहऱ्यावर समाधान दिसते. ते पाहायला पुढच्या बाजूला बस.

आपल्या महाराष्ट्राचे तर या वाटेशी घट्ट नाते आहे. कुरुंदवाडचे पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर या संमेलनात गायले, आणि याच रस्त्यावरच्या लाहोरात त्यांनी ५ मे १९०१ रोजी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. पुढे गुरूच्या शोधात घर सोडून निघालेला किशोरवयीन भीमसेन जोशी जालंधरला पोचला, तेथे भक्त मंगतराम यांच्याकडे शिकू लागला, आणि याच संमेलनात त्याला पलुस्करांचे शिष्य विनायकराव पटवर्धन भेटले. घराजवळच सवाई गंधर्व असताना इतक्या दूर कशाला राहतोस, परत जाऊन त्यांच्याकडे शीक, असा सल्ला त्यांनी दिला आणि त्याने तो मानला. पुढे १९५३ मध्ये भीमसेनजींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पुण्यात जो महोत्सव सुरू केला, ज्याला आपण सगळे नुसते ‘सवाई’ म्हणतो, त्याची वाट या अर्थाने जालंधरवरूनही गेलेली आहे असे मी मानतो.

म्हणूनच अटारीची भारत-पाकिस्तान सीमा पाहताना मला तेथल्या संध्याकाळच्या संचलनापेक्षा पलीकडे जाणाऱ्या रस्त्याचेच अधिक वाटते. फाळणीपूर्वी लाहोर आणि जालंधर या एकाच वाटेवरच्या दोन बैठका होत्या. आज तिकडे गाण्यासाठी सहज जाता येत नाही, याची हळहळ मला कायम आहे.

तारखा दरवर्षी थोड्या पुढे-मागे होतात, तेव्हा आधी संमेलनाच्या तारखा पाहा आणि मग अमृतसरचा मुक्काम ठरव. जालंधरला गर्दी असते, राहण्याची सोय लवकर कर. गरम कपडे भरपूर ने, आणि शेवटच्या गायकाआधी उठू नकोस. कोणी कोणता राग गायला, ते मला सविस्तर लिहून कळव.

तुझा स्नेहांकित