गुरगुरणं मारून बंद करू नका

23 जातींच्या 'हिंस्र' कुत्र्यांवर बंदीचं केंद्राचं मार्च 2024चं परिपत्रक कर्नाटक हायकोर्टाने पुढच्याच महिन्यात रद्द केलं, ते परत आणा असं सांगणारं पत्र तुमच्या पेपरात वाचलं आणि राहवलं नाही. चावणं नुसत्या जातीवर नसतं हो. आमचा लॅब्रॅडॉर त्या यादीत नाही, पण जेवताना कोणी जवळ गेलं की गुरगुरायचा, एका ट्रेनरने सांगितलं फटका द्या, आम्ही दिला, गुरगुरणं थांबलं आणि एक दिवस काहीच आवाज न करता तो माझ्या मुलीच्या हाताला चावला. गुरगुरणं म्हणजे 'लांब राहा' एवढंच तो सांगत होता, तेच आम्ही मारून बंद केलं, याचं अजून वाईट वाटतं. नंतर व्हेटने तोंड तपासलं तर दाढेखाली पू झालेला, बिचाऱ्याला जेवतानाच दुखायचं. दाढ काढली, मग भांड्याजवळून जाताना लांबूनच चिकनचा तुकडा टाकायची सवय लावली, दोन-तीन महिने गेले पण आता तो शेपटी हलवतो. महापालिकेने लायसन्स देतानाच मालकांना हे तासभर समजावून सांगावं, बंदीपेक्षा त्याची जास्त गरज आहे.

– एक वाचक, ठाणे