उन्हातली एकट्याची पायपीट

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की ‘भरपूर पाणी प्या आणि दुपारी घराबाहेर पडू नका’ हा सल्ला सर्व वृत्तपत्रांतून छापून येतो. पाठीवर सॅक घेऊन रखरखीत, निर्जल प्रदेशातून दिवसभर एकट्याने चालणाऱ्यासाठी मात्र तो अपुरा आहे, आणि एका बाबतीत तर घातकही ठरू शकतो. ‘एकट्याने जाऊच नका’ असे सांगूनही उपयोग नाही, कारण ज्यांना जायचे असते ते जातातच, आणि त्या एकटेपणात खरे सुखही असते. अशांना मला एवढेच सुचवायचे आहे की महत्त्वाचे निर्णय वाटेवर नव्हे, निघण्यापूर्वीच घेऊन ठेवावेत.

हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंश सेल्सिअसपेक्षा, अधिक तापली की शरीरातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी घाम वाळणे हा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि ओझ्यासह चढ चढणाऱ्याला तासाला एक लिटर किंवा त्याहूनही अधिक घाम येऊ शकतो. कोरड्या हवेत तो इतक्या झपाट्याने उडून जातो की अंग ओले झालेलेच जाणवत नाही. शर्टावर उमटलेल्या मिठाच्या पांढऱ्या रेघाच काय त्या दिसतात. अंदाजात सांगितलेले ४० अंश तापमान सावलीत मोजलेले असते, याचाही अनेकांना विसर पडतो. उघड्या खडकावर आणि वाळूवर त्याहून कितीतरी अधिक उष्णता असते, म्हणून विसाव्यालाही थेट जमिनीवर न बसता सॅकवर किंवा चटईवर बसलेले बरे.

तहानेवर विसंबण्यातही धोका आहे. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ एडवर्ड अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकात वाळवंटात सैनिकांवर केलेल्या अभ्यासात असे आढळले की हाताशी पाणी असूनही माणसे घामावाटे जाते त्यापेक्षा कमी पितात. अंगभर कपडे घातलेल्याचा घाम उघड्या अंगाच्या माणसापेक्षा कमी जातो, हेही त्यांनीच दाखवले. पाणी पुरवून पुरवून पिण्यापेक्षा घाम वाचवणे शहाणपणाचे, ते यामुळेच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझे, आणि एका मर्यादेपुढे ते ओझेच अधिक घाम काढू लागते. त्यामुळे पहाटे अंधारात निघून ऊन चढण्यापूर्वी थांबावे, मधला वेळ सावलीत काढावा आणि उन्हे कलल्यावर पुन्हा चालावे. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानही उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत दरीत चालणे टाळा, असेच सांगते.

घातक बाब ती मिठाची. तासन् तास घाम गाळून वर नुसतेच साधे पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील सोडियमची पातळी धोकादायक रीतीने खाली येते. डोके दुखते, मळमळते, गोंधळल्यासारखे होते. ही लक्षणे पाणी कमी पडल्यासारखीच भासतात आणि माणूस आणखी पाणी पितो. म्हणून पाण्यासोबत खारट खाणे हवेच, आणि गरजेपेक्षा अधिक पाणी घशाखाली लोटण्याचे कारण नाही.

उष्माघातात शरीराच्या आतले तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि मेंदूचे काम बिघडू लागते. सोबत कोणी असेल तर ‘तू असंबद्ध बोलतो आहेस, खाली बस’ असे तो म्हणेल आणि अंगावर पाणी ओतून वारा घालेल. एकट्याला मात्र आपली बुद्धी चळली आहे हे ज्या बुद्धीने ओळखायचे तीच जागेवर नसते, आणि ‘पुढच्या वळणावर पाणी असेलच’ हा विचार त्याला अगदी तर्कशुद्ध वाटतो. त्यामुळे किती वाजता थांबायचे, किती पाणी उरले की मागे फिरायचे आणि नकाशातला झरा आटलेला निघाला तर काय करायचे, हे आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवावे आणि वाटेत त्यावर फेरविचार करू नये. अमेरिकेतील सुमारे ४,२६५ किलोमीटरच्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या पायवाटेवरही, लोकांनी वाटसरूंसाठी ठेवलेल्या पाण्याच्या साठ्यांवर भिस्त ठेवू नये, असे त्या वाटेची व्यवस्था पाहणारी संस्था बजावत असते. त्या कागदाची प्रत, परतण्याची वेळ आणि त्या वेळेनंतर कोणाला कळवायचे हे घरच्या एका माणसाकडे असावे. मोबाइलला रेंज नसलेल्या ठिकाणी, जिथे परवानगी असेल तिथे, उपग्रहाद्वारे संकटसंदेश पाठवणारे उपकरण जवळ बाळगावे.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. उन्हात भटकंती करताना कोणी दगावल्याची बातमी देताना केवळ ‘उष्माघाताने मृत्यू’ एवढ्यावर न थांबता तो किती वाजता निघाला होता, जवळ किती पाणी होते आणि कधी परतणार हे कोणाला सांगितले होते का, एवढा तपशील मिळत असल्यास अवश्य छापावा.

आपला,
एक वाचक