संज्या, हे तुलाच कळेल

प्रिय संज्या,

फोनवर सांगितलं असतं, पण तू 'ठेवतो रे, गिऱ्हाईक आलंय' करतोस, म्हणून लिहायलाच बसलो. मुकुंदाला सांगून काही उपयोग नाही, तो वाक्य पुरं व्हायच्या आत तोडगा काढतो. इकडे सगळं बरंय, आईचा गुडघा सुधारलाय, जिना चढते, माझी शुगर बॉर्डरवर आहे, गोळी नाही अजून.

पर्वतीच्या पायथ्याची आपली अभ्यासिका, तिथे शनिवारी आठवी ते दहावीच्या पोरांचा ग्रुप घेतो मी, तुला माहितीये. त्यातला एक पोरगा आहे, खरं नाव नको, ओम म्हणू. नववीत. बाप रंगकाम करतो, कारागीर चांगला, पण संध्याकाळी पोटात गेली की हात सुटतो, बायकोवर जास्त, पोरावर मधूनमधून. दिवाळीच्या आधी या ओमनं वर्गातल्या एका मुलाच्या डोक्यात स्टीलचा डबा घातला, टाके पडले. का, तर तो 'माझ्याकडे बघत होता'. नुसतं बघत होता रे!

तू आमच्या घरी गणिताचं पुस्तक उघडून बसायचास आणि खाली तुझ्या वडलांची, अण्णांची एम-एटी गाडी बंद झाली की तुझा कान जिन्याकडे. चपला फरफटत आले तर काही नाही, एकेक पायरी मोजून आले तर तू वही मिटायचास. मला तो फरक कधीच ऐकू आला नाही, मी आपला समीकरण सोडवत बसलेलो. तर अमेरिकेत सेथ पोलॅक म्हणून मानसशास्त्रज्ञ आहे, त्यानं घरी मार खाल्लेल्या मुलांना चेहऱ्यांचे फोटो दाखवले, आधी धूसर, मग हळूहळू स्पष्ट होत जाणारे. ही मुलं इतरांच्या कितीतरी आधी ओळखायची की हा माणूस रागावलाय. शिवाय चेहऱ्यावर भाव मिसळलेले असले तरी त्यांना त्यात रागच दिसायचा. घरी ह्याच्यावरच निभावतं आणि शाळेत ह्याच्यापायी नाव खराब होतं. ओमला मस्तीखोर, गुंड, वाया गेलेला असं काय काय म्हणतात आणि मला दर वेळी तुझा तो कान आठवतो.

ग्रुपमध्ये काय करतो ते सांगतो, तू मागे हसला होतास. घमेल्यात पाणी, त्यात कोपऱ्यावरच्या मासेवाल्याकडनं आणलेला बर्फ. आधी पोरांना पळवायचं, मनगटाला बोट लावून ठोके मोजायचे, मग श्वास रोखून तोंड पाण्यात आणि परत ठोके मोजायचे. गार पाण्यात चेहरा बुडाला की हृदयाचा वेग उतरतो, हे शरीरातच बसवलेलं आहे, डॉक्टर लागत नाही. (ज्याला हृदयाचं काही असेल त्याला मात्र करू देत नाही, आधी विचारतो.) पोरं ओरडतात, एकमेकांची डोकी दाबतात, पण आकडा खाली आलेला स्वतः मोजला की चेहरे बघण्यासारखे होतात. आपल्या आत जे चाललंय त्यावर आपला काही हात चालतो हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. ही मार्शा लिनेहान म्हणून मानसशास्त्रज्ञ बाई आहेत, त्यांच्या डीबीटी ह्या मानसोपचार पद्धतीतली युक्ती. स्वतःला इजा करून घेणाऱ्या बायकांसाठी त्यांनी ती पद्धत काढली, पुढे मिलर आणि राथस यांनी ती किशोरवयीन मुलांसाठी बदलून घेतली आणि त्यात आईबाप पण मुलांबरोबर वर्गाला बसतात. आमच्याकडे कोण बसणार, ओमची आई चार घरची धुणीभांडी करून आठला येते.

सिंहगडावर आपली जुंपली होती ती ह्याच्यावरनंच. तू म्हणालास, 'बाप मारतोय आणि तू पोराला श्वास मोजायला लावतोस? आधी बापाला धर की!' मी चिडून उठलो तर तू माझी भाकरी पण संपवलीस, आणि वर पिठलं! तुझं अर्धं मला तेव्हाही पटलं होतं, पण बाप सुधारेपर्यंत पोरानं काय करायचं, त्याला आज रात्री घरी जायचंय, ह्याला तुझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नसेल.

आता खरी गोष्ट. ओम शांत झालाय. मारामारी नाही, शिवी नाही, शाळेतल्या बाईंनी वर्गासमोर कौतुक केलं, मला फोन करून म्हणाल्या काय जादू केलीत. मागच्या शनिवारी ग्रुपमध्ये एका बारक्यानं मस्तीत त्याची चित्रकलेची वही टरकावली. चांगली चित्रं काढतो रे, बापाचा हात आलाय. पोरं गप्प झाली, आता काय होतंय म्हणून. ओम हसला, तुकडे गोळा केले, दप्तरात घातले. मी शेजारी बसून सहज त्याचं मनगट हातात घेतलं, तर ठोके असे धावत होते की मला मोजता येईनात. चेहरा कोरा. म्हटलं, राग आला असेल ना? तर म्हणतो, 'नाही सर, आता मला काहीच होत नाही.'

संज्या, हे तुझं वाक्य आहे. अकरावीत अण्णांनी तुझा रेडिओ फोडला तेव्हा तू हेच म्हणालास, ह्याच आवाजात, आणि पाटणकर सर म्हणाले केवढा समजूतदार मुलगा. मग वर्षभरात होस्टेलची ती खिडकी. टॉवेल बांधून तुला रिक्षातनं नेताना मी एवढंच बडबडत होतो की पण तू तर बरा होतास!

म्हणून झोप लागत नाहीये. ग्रॉस आणि लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात लोकांना फिल्म दाखवून सांगितलं होतं की चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. चेहरे गप्प राहिले, शरीरातली धावपळ मात्र वाढली. ओमनं ते पाणी, तो श्वास, सगळं घेतलं आणि गिळायला वापरलं. घरी गिळावंच लागतं त्याला, मी कुठल्या तोंडानं म्हणू की बापासमोर बोल म्हणून? पण आमच्यासमोर तरी त्यानं चिडावं, वही फाडली म्हणून रडावं, ह्याची जागा हवी. बाईंना तेच सांगून आलो, त्याच्या गप्प बसण्याचं कौतुक करू नका, त्याला विचारा. त्यांना फारसं पटलेलं दिसलं नाही.

बापाला धरायचं पण चाललंय, तू म्हणायच्या आत सांगतो. मुक्तांगणला, व्यसनमुक्ती केंद्रात, चला म्हटलं तर 'बघू' म्हणाला, नाही म्हणाला नाही. ओमच्या आईला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याबद्दल सांगितलं, संरक्षण अधिकाऱ्याकडे मी बरोबर येतो म्हटलं. ती १०९८ चं, मुलांच्या हेल्पलाइनचं, नाव काढलं तरी घाबरते, बाल कल्याण समिती पोराला उचलून संस्थेत टाकेल म्हणते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात संस्था हा अगदी शेवटचा पर्याय आहे हे किती वेळा समजावलं, पण वस्तीत कुणाचं तरी पोर गेलेलं तिनं पाहिलंय, त्यापुढे माझा कायदा काय टिकणार. तरी सोडत नाहीये. परत मारलं तर मी फोन करणार, हे तिला तोंडावर सांगून ठेवलंय.

तुझ्याकडनं दोन गोष्टी हव्यात. एक, मला खरं सांग, त्या वर्षभरात कुणी काय केलं असतं तर तू बोलला असतास? आपण त्यावर कधी बोललोच नाही. हे मला कुठल्या पुस्तकात मिळणार नाहीये. दुसरं, मे महिन्यात ओमला आठवडाभर कोल्हापूरला घेऊन येऊ का? कामाला नाही, नुसता तुझ्या दुकानात बसेल, मोटर उघडलेली बघेल, तुझ्याशी वाटलं तर बोलेल. तू त्याला उपदेश करणार नाहीस एवढी खात्री आहे, कारण तू गिऱ्हाइकाशी पण धड बोलत नाहीस. अडचण एकच, तो म्हणतो 'मी गेलो तर आईजवळ कोण'. आई सुट्टी काढून बहिणीकडे भोरला जाईल असं जुळवतोय. जुळलं तर तारीख कळवतो.

शालूची दहावी म्हणून उगाच तिच्या मागे लागू नकोस, पोरगी हुशार आहे. दुकानाच्या वरच्या मजल्याचं काय झालं, परवानगी मिळाली का? वहिनींना नमस्कार, त्यांची लसूण चटणी संपली हे पण सांग.

आणि लिहून उत्तर पाठव रे, नुसता अंगठा नको.

तुझा,
दिल्या