सैन्य उभारायला वेळ तर द्या!

संपादक महोदय,

गॅदरिंगच्या दिवसांत नाशिकच्या काही कॉलेजांत गेमिंगच्या स्पर्धा भरतात. त्यात गाव वसवून, सैन्य उभारून शत्रूला हरवायचा ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा संगणकावरचा खेळ असलाच, तर कोठारं आधीच भरून देतात आणि २० मिनिटांनी ज्याचा स्कोअर जास्त तो विजेता ठरतो. मग उरते ती नुसती माऊसची आपटाआपटी.

नेहमीच्या डावात हाताशी ३ व्हिलेजर (कामकरी), एक स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार), २०० अन्न, २०० लाकूड, १०० सोनं आणि २०० दगड एवढंच असतं. एका व्हिलेजरला ५० अन्न आणि २५ सेकंद लागतात. व्हिलेजर तयार करणारं टाउन सेंटर दोन मिनिटं रिकामं राहिलं, की चार-पाच माणसं बुडाली. २५ लाकडाचं घर वेळेत बांधलं नाही, तर नव्या माणसांना जागा नसल्याने भरती तिथेच अडते. नवखे बहुधा इथेच हरतात आणि खापर मात्र सैन्यावर फोडतात.

सैन्याचंही गणित आहे. नाइटला (चिलखती घोडेस्वाराला) ६० अन्न आणि ७५ सोनं, तर त्याला अडवणाऱ्या भालाईताला ३५ अन्न आणि २५ लाकूड लागतं. सोनं अजिबात नाही. आर्चरवर (तिरंदाजावर) उतारा स्कर्मिशरचा, म्हणजे हलक्या भालाफेक्याचा, २५ अन्न आणि ३५ लाकडात. पण समोर नाइट तयार करणारा तबेला असताना स्कर्मिशरच काढत बसलात, तर नाइट ते कापून काढतात. म्हणून स्काउट आधी शत्रूच्या गावात फिरवायचा. आर्चरचा घोळका एकाच जागी उभा ठेवला, तर मँगोनेल या दगडफेकी यंत्राचा एक मारा पुरतो. तटाशी तलवारी घासत बसण्यात अर्थ नाही, रॅम (तट फोडणारी धडक-यंत्रं) लागतातच. रामशेज किल्ला उशाशी असलेल्या नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको!

आयोजकांना विनंती, नेहमीच्या साधनसामग्रीवर, अरेबिया या मोकळ्या मैदानाच्या नकाशावर, एकास एक असे तीन डाव ठेवा. स्कोअर धरू नका. शरणागती किंवा पाडाव, एवढाच निकाल. वेळेची भीती नको. ऑनलाइन सामन्यांच्या १.७ वेगाने खेळातली ४० मिनिटं घड्याळात साधारण २४ होतात. मात्र लॅपटॉप आदल्या दिवशी तपासा, कारण एकाचा धिमा निघाला तर खेळ दोघांचाही रखडतो.

– स्ट्रॅटेजी गेम खेळणारे काही वाचक, नाशिक